नागरत्नाक्कांनी न पाठवलेली यादी

आमच्या कॉलेजात त्यांना सगळे 'मेजर मॅडम' म्हणतात. नागरत्ना हे नाव आता फक्त वेळापत्रकावर उरलंय. त्या शिकवतात वनस्पतिशास्त्र, पण मुलींच्या एन.सी.सी. तुकडीच्या त्या अधिकारीही आहेत. ग्वाल्हेरला जाऊन त्यांनी त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि लेफ्टनंटपासून एकेक पायरी चढत मेजर झाल्या. उंची जेमतेम पाच फूट. पण मैदानाच्या एका टोकाला त्यांनी 'सावधान' म्हटलं, की दुसऱ्या टोकाच्या कँटीनमधली माणसंही हातातलं खाली ठेवतात.

मी त्यांना अक्का म्हणते. मी मूळची नाशिकची. नवऱ्याच्या नोकरीमुळे २००८ साली म्हैसूरला आले आणि या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये आईशी फोनवर बोलत होते, तर कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "अय्यो, तुम्ही आमच्यातल्याच की हो!" अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या घरातलं मराठी दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं आणि त्यात मिसळलेलं कन्नड आजचं. सुरुवातीला त्या काय बोलतात ते मला निम्मंच कळायचं. 'सुम्ने' म्हणजे उगीच, 'बेड' म्हणजे नको, 'नोडा' म्हणजे बघा, 'आयतु' म्हणजे झालं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

अक्कांनी लग्न केलं नाही. कारण त्या सांगत नाहीत आणि मीही विचारलेलं नाही. कृष्णमूर्तीपुरममध्ये त्या आणि त्यांचे वडील गंगाधरराव, दोघंच राहतात. गंगाधरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. घरात त्यांना अण्णा म्हणतात. आता ते ऐंशीला टेकलेत.

अक्का स्वतः एन.सी.सी.त गेल्या १९८९ साली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. अर्जावर पालकांची सही लागायची. अण्णांनी अकरा दिवस त्या अर्जाला हात लावला नाही. ओरडले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, नुसता कागद टेबलावर पडू दिला. शेवटी आईने सही केली. पुढे अक्का कॅडेट म्हणून दिल्लीच्या शिबिराला गेल्या, नंतर अधिकारी झाल्या, सव्वीस जानेवारीला शहराच्या परेडमध्ये तुकडी घेऊन चालल्या. अण्णा एकदाही बघायला आले नाहीत. अक्कांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. मला म्हणायच्या, "ब्राह्मणाघरची मुलगी बूट घालून रस्त्यावरून चालते, ते अण्णांना झेपलं नाही. आयतु, सोडा."

२०२३च्या जूनमध्ये संस्थेचे सेक्रेटरी तिरुमलराव यांनी सगळ्या प्राध्यापकांची बैठक घेतली. पंचाहत्तरीचे, सरळ पाठीचे, पांढरा शर्ट घालणारे गृहस्थ. त्यांचा थोरला भाऊ एकाहत्तरच्या लढाईतून परत आला नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "आमच्या वेळी कॉलेजात सैनिकी शिक्षण सक्तीचं होतं. सरकारने ते बंद केलं, तिथून घसरण सुरू झाली. सरकार पुन्हा कधी सुरू करेल ते करेल. आपण आपल्यापुरतं यंदापासून करू."

एन.सी.सी.ला आमच्याकडे शंभरच जागा. पहिल्या वर्षाला मुली तीनशे बारा. म्हणून संस्थेने स्वतःचाच एक पाठ्यक्रम काढला. शंभर मुली एन.सी.सी.त, बाकीच्यांना दोन निवृत्त हवालदार कवायत शिकवणार. मंगळवार आणि शनिवार, सकाळी साडेसहा ते आठ. हजेरी पंचाहत्तर टक्के. ती भरली नाही तर अंतर्गत परीक्षेचे गुण विद्यापीठाला पाठवायचे नाहीत. प्रमुख अर्थातच मेजर मॅडम.

अक्का खूश होत्या. दरवर्षी शंभर जागा भरताना त्यांची दमछाक व्हायची. नावं यायची सत्तर, त्यातल्या वीस जणी दिवाळीपर्यंत गळायच्या. "आता नोडा जयवंती," त्या मला म्हणाल्या, "सगळ्या येणार. कोणाच्या घरी जाऊन विनवण्या बेड."

मलाही ते पटलं होतं. माझा अमेय तेव्हा दहावीत होता आणि त्याला खोलीतून बाहेर काढायला आता लष्करच बोलवावं लागेल, अशी माझी खात्री झाली होती.

सप्टेंबरात परेड सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे मैदान भरून गेलं. तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांची पत्रं यायला लागली. अशक्तपणा, पाठदुखी, धुळीची ॲलर्जी, सपाट तळवे. नोव्हेंबरअखेर अशी एकसष्ट पत्रं जमली. त्यांतली एकोणीस एकाच डॉक्टरांची होती, आणि अक्षरही एकच. अक्का ती फाईल उघडायच्या, नाक उडवायच्या आणि बंद करायच्या. पत्र असलं की सूट, असा नियमच होता.

पण सगळंच वाईट चाललं होतं असंही नाही. येलवालची यशस्विनी नावाची मुलगी होती. मान खाली घालून वर्गात बसणारी, हजेरीलासुद्धा ओठ न उघडणारी. ती एन.सी.सी.च्या शंभरात आली. दीड महिन्यात तिचा आवाज असा फुटला की अक्कांनी तिला ओळीच्या पुढे उभं केलं. ती मला एकदा म्हणाली, "मॅडम, सक्तीचं आहे म्हणून बाबांनी पाठवलं. नाहीतर मी हे कधी बघितलंच नसतं."

आणि दुसरी होती वर्षिणी. बन्नूरहून बसने यायची. पहिल्या दोन परेडला आली, नंतर आलीच नाही. वर्गात मात्र रोज हजर. एके दिवशी अक्कांनी तिला प्रयोगशाळेच्या दारात थांबवलं. मी शेजारीच होते.

"बस मिळत नाही का?" अक्कांनी विचारलं.

"मिळते मॅडम. सव्वापाचची आहे."

"घरी काही अडचण?"

"नाही."

"तब्येत?"

"चांगली आहे. शाळेत मी आठशे मीटर धावायचे."

"मग येत का नाहीस?"

"मला यायचं नाही, मॅडम." मुलगी उद्धटपणे बोलत नव्हती. अभ्यासातली शंका विचारावी तशी बोलत होती. "मी दोनदा येऊन बघितलं. मला नाही करावंसं वाटलं. सोडायची काही सोय आहे का, म्हणून विचारलं, तर हवालदार सर म्हणाले, डॉक्टरांचं पत्र आण. पण मी आजारी नाही."

अक्का चिडल्या. "हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही. देशाचा आहे."

"मग मला कुणी विचारलं का नाही?" वर्षिणी म्हणाली.

अक्कांनी तिला जायला सांगितलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजेरी कमी असलेल्यांची यादी कार्यालयात द्यायची होती. पत्रवाल्या एकसष्ट जणी सुटल्या. दहा-बारा जणींनी सुट्टीच्या दिवशी येऊन परेड भरून काढल्या. यादीत नाव राहिलं एकच. त्या रविवारी सकाळी मी अक्कांकडे गेले होते. अण्णा ओसरीवर पाटावर बसून भिजवलेल्या पावट्याचे दाणे सोलत होते. म्हैसुरात त्या दिवसांत घरोघरी हेच चाललेलं असतं. दाणा बोटात दाबायचा, साल निघते, आतली डाळ टुणकन भांड्यात पडते. मीही बसले हात लावायला. अक्कांनी वर्षिणीची सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाल्या, "मला तिचा राग येतो आणि त्या एकसष्ट जणींचा येत नाही, हे काय की मला कळेना. पण नियम तो नियम. उद्या यादी देते."

अण्णांचे हात थांबले.

"तिचं एकटीचंच नाव?" त्यांनी विचारलं.

"हौदु."

अण्णांनी सालं बाजूला सारली. मग म्हणाले, "आमच्या वेळीही एकाचंच होतं."

ते जे पुढे बोलले ते अक्काही पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं.

त्रेसष्ट साली अण्णा कॉलेजात गेले. चीनचं युद्ध होऊन वर्ष होत आलं होतं. कॉलेजच्या मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली होती. अण्णांचा आवाज मोठा, म्हणून त्यांना पुढच्या वर्षी सार्जंट केलं. पहाटेची हजेरी घ्यायचं काम त्यांच्याकडे. त्यांच्या वर्गात संकर्षण म्हणून एक मुलगा होता. बन्नूरजवळच्या खेड्यातला. शहरात एका मठात राहायचा, आणि राहण्याजेवणाच्या बदल्यात पहाटे तिथल्या स्वयंपाकाला हात लावायचा. परेडची वेळ आणि तांदूळ धुवायची वेळ एकच.

"बाकीची मुलं पण दांड्या मारायची की," अण्णा म्हणाले. "कुणीतरी मागून 'हजर सर' ओरडायचं. मला कळत होतं. मित्र होते सगळे, मी खूण करून टाकायचो. संकर्षणासाठी कुणी ओरडलं नाही. त्याने कुणाला सांगितलंच नव्हतं. मग मी गैरहजर लिहायचो. प्रत्येक वेळी. खरंच लिहीत होतो, खोटं नव्हतं ते."

वर्षाच्या शेवटी त्या कॉलेजाने संकर्षणाला परीक्षेला बसू दिलं नाही. तो प्राचार्यांकडे गेला, मठाचं सांगितलं. प्राचार्य म्हणाले, सार्जंटला विचारतो. त्यांनी अण्णांना बोलावून विचारलं, या मुलाला काही सवलत द्यावी असं तुला वाटतं का?

"मी म्हणालो, एकाला दिली तर सगळे मागतील सर." अण्णांनी भांड्यातल्या डाळीवरून हात फिरवला. "एकोणीस वर्षांचा होतो. खांद्यावर तीन पट्ट्या होत्या."

संकर्षण गावी गेला तो परत आला नाही. एकाहत्तर साली अण्णा खात्याच्या कामाने बन्नूरला गेले, तेव्हा बसस्टँडजवळच्या खानावळीत तो आचारी होता. त्यानेच ओळखलं. कॉफी दिली, घरचं विचारलं. तक्रारीचा एक शब्द काढला नाही. निघताना म्हणाला, "परेड चालू आहे का रे अजून?" अण्णांनी सांगितलं, सक्ती उठून तीन वर्षं झाली. तो हसला म्हणे. खूप हसला, आणि आतून कुणीतरी हाक मारली म्हणून गेला.

"म्हणून तुम्ही माझ्या अर्जावर सही केली नाहीत?" अक्कांनी विचारलं.

"तू आपण होऊन जात होतीस. तुला अडवायचं कारण नव्हतं. पण माझ्या हाताने सही होईना." अण्णा म्हणाले. "आणि तो वेष बघवत नाही मला. त्यात तुझा दोष काही नाही."

अक्का उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यादी दिली नाही. त्याऐवजी तिरुमलरावांना एका पानाचं पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं, मी हजेरीत खोटं लिहिणार नाही, आणि खरं लिहून एका मुलीचं वर्षही घालवणार नाही. तीनशे बारा मुलींना एकेक कागद द्यावा आणि 'हो' किंवा 'नको' लिहून घ्यावं. हो म्हणतील त्यांना मी शिकवीन. एवढंच.

तिरुमलरावांनी त्यांना बोलावून घेतलं. साक्षीला कुणीतरी असावं म्हणून अक्कांनी मलाही नेलं.

"मेजर मॅडम, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते म्हणाले. त्यांच्याही घरात अक्कांसारखंच मराठी बोलतात. "सैन्यात कोण विचारतं हो, की बाबा तुला आवडतंय का?"

"आत गेल्यावर विचारत नाहीत सर. जाण्याआधी विचारतात. आपल्या सैन्यातला एकेक जवान स्वतः सही करून गेलाय. कुणाला ओढून नेलेलं नाही."

"माझा भाऊ गेला. तो काय या मुलींनी मोबाईल बघत बसावं म्हणून?"

अक्का म्हणाल्या, "तुमचे बंधू आपण होऊन गेले होते ना सर?"

तिरुमलराव खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं, आता हे आम्हाला बाहेर काढणार. पण ते म्हणाले, "वडील नको म्हणत होते. तो ऐकला नाही." मग टेबलावरचं पत्र त्यांनी खणात टाकलं आणि म्हणाले, "तुमचा कागद वाटा. पण या पाठ्यक्रमाच्या प्रमुख तुम्ही राहणार नाही."

"सरी सर," अक्का म्हणाल्या.

कागद वाटले. एकशे सत्तावीस मुलींनी 'हो' लिहिलं. डॉक्टरांचं पत्र आणलेल्यांपैकी चौघींनीही 'हो' लिहिलं, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. वर्षिणीने 'नको' लिहून खाली पूर्ण नाव घातलं. तिचे गुण विद्यापीठाला गेले. जानेवारीपासून पाठ्यक्रम ऐच्छिक झाला आणि पुढच्या वर्षी हळूच बंदही पडला. तिरुमलराव सहा-सात महिने अक्कांशी बोलले नाहीत. उपप्राचार्यपद अक्कांना मिळेल असं सगळे धरून चालले होते, ते दुसऱ्याच बाईंना मिळालं. अक्कांना त्याचं वाईट वाटलं. वाटलं नाही असं त्या कधी म्हणाल्या नाहीत.

पण खरा धक्का त्यांना दुसरीकडून बसला. यशस्विनीने कागदावर 'हो' लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. आणि जानेवारीच्या पहिल्या परेडला तीच आली नाही.

अक्कांनी वर्गात जाऊन विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा म्हणतात, आता सक्ती नाही ना, मग बस झालं." आणि मग मान खाली घालून, पूर्वीच्या बारीक आवाजात, "तुम्ही सगळ्यांना सोडवलंत मॅडम. मी अडकले."

आम्ही दोघी येलवालला गेलो. यशस्विनीच्या वडिलांचं हुणसूर रस्त्यावर दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस भला. हात पुसून त्यांनी खुर्च्या दिल्या, शेजारून चहा मागवला. अक्कांनी मुलीचं कौतुक केलं, ते त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, खरं सांगू का," ते म्हणाले. "तेव्हा कॉलेजचा नियम होता. भाऊबंद विचारायचे, पहाटे पोरीला कुठे पाठवतोस? मी म्हणायचो, नियम आहे, माझ्या हातात काय आहे? आता विचारलं तर काय सांगू? मीच पाठवतो म्हणून?"

"हो, असंच सांगा," अक्का म्हणाल्या.

"तेवढं माझ्याच्याने होणार नाही."

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. या वेळीही चहा मिळाला. उत्तर तेच होतं. परत येताना बसमध्ये अक्का म्हणाल्या, "सक्ती असती तर ही मुलगी तीन वर्षं शिकली असती. हे मला नाकारता येत नाही, जयवंती." पुढच्या स्टॉपला गर्दी झाली आणि आम्ही सरकून बसलो.

यशस्विनीचा तो आवाज पुन्हा मैदानावर ऐकू आला नाही. तिने पदवी पूर्ण केली, आता बी.एड. करणार आहे. रस्त्यात भेटली की नमस्कार करते. अक्कांशी ती अजून मोकळेपणाने बोलत नाही. वर्षिणीने शेवटच्या वर्षी अक्कांच्याच हाताखाली बन्नूरच्या भातखाचरांतल्या शेवाळावर प्रकल्प केला. परेडचा विषय त्या दोघींत निघत नाही. अण्णा अजूनही परेड बघायला जात नाहीत, आणि अक्का आता त्यावरून रुसत नाहीत. गणवेश मात्र त्या हल्ली घरून घालून निघत नाहीत. पिशवीत आणतात आणि कॉलेजात बदलतात.

अधूनमधून टीव्हीवर चर्चा होते की प्रत्येक तरुणाला वर्षभर तरी लष्करी सेवा सक्तीची करावी. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हमखास वाद रंगतो आणि कुणीतरी मेजर मॅडमना निकाल द्यायला सांगतं. त्या म्हणतात, "सुम्ने मला ओढू नका. मला दोन्ही बाजूंच्या मुली ठाऊक आहेत."

दर जूनमध्ये प्रवेश झाले की त्या पहिल्या वर्षाच्या मुलींची नावं बघतात. ज्यांनी आवड दाखवली पण अर्ज परत दिला नाही, त्यांच्या घरी जातात. आधी हेच त्यांना नको होतं. शनिवारी दुपारी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन निघतात, बहुतेक वेळा मला बरोबर घेतात. गेल्या जूनमध्ये चौदा घरं झाली. नऊ घरांनी होकार दिला. दोन घरांनी विचार करून सांगतो म्हटलं, ते अजून विचारच करताहेत.

यंदा पहिलंच घर बन्नूरचं होतं. मुलीचे आजोबा दारातच बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सक्ती आहे का?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "तुमच्या नातीला हवं असेल आणि तुम्ही हो म्हणाल तरच."

आजोबांना हे काहीसं विचित्र वाटलं असावं. त्यांनी आत हाक मारून नातीला बाहेर बोलावलं आणि आमच्या समोरच विचारलं, तुला जायचंय का? मुलगी लाजली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, उद्या सांगते. अक्का म्हणाल्या, सावकाश सांग, सोमवारपर्यंत अर्ज घेते मी. तेवढ्यात आमची बस समोरून निघून गेली, म्हणून आम्ही पुढच्या बसची वाट बघत तिथेच ओट्यावर बसलो, आणि आजोबांनी आम्हाला उसाचा रस पाजला.